तारेवरच्या चिंध्या

पूर्णा, रेल्वे क्वार्टर्स
रविवार, २ मे १९७६

चि. चंद्रभान यास तुझ्या आक्काचा सप्रेम जयभीम.

आम्ही सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे. ते मी पुढे लिहीन. आधी तू सांग, शुक्रवारी दुपारी इथून निघालास तो गंगाखेडला वेळेवर पोचलास का? तिथून राणीसावरगावची शेवटची एस.टी. मिळाली की स्टँडवर बाकड्याखाली झोपलास? ‘पोचलो’ एवढं कार्ड टाक म्हणून निघताना दोनदा सांगितलं होतं. टाकलं असशील असं धरून चालते.

मायचे गुडघे कसे आहेत? उन्हाची सरपणाला जात नाही ना? तुझ्या मास्तरकीच्या ऑर्डरचं काही कळलं का? ताडकळसची शाळा मिळाली तर माझ्याकडे राहून जाऊन-येऊन करायचं, असं तू परस्पर ठरवूनही टाकलंयस, ते मला ठाऊक आहे. राहा बाबा. पण सकाळी सातला डबा हवा असेल तर लवकर लग्न कर.

रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलचं काम तू अर्ध्यात टाकून गेलास, म्हणून पुढचं सांगते. पहिल्या दिवशी ती लाकडी जमीन बघून तू हसला होतास, आठवतं? ‘आक्का, घर सोडून जमिनीलाच सागवान!’ निजामाच्या काळात साहेब-मडमा तिथे नाचायचे म्हणे. आता पोरं बॅडमिंटन खेळतात आणि म्हातारे कॅरमभोवती भांडतात. भिंतीकडेच्या फळ्या अजून तपकिरी, चकचकीत. मधल्या मात्र राखेसारख्या झालेल्या. सगळ्यांचं म्हणणं पडलं, नांदेडहून ठेकेदार आणा आणि सगळ्या हॉलला रंधा मारा. तुझे दाजी एकटेच आडवे आले.

“आधी दोनदा रंधा बसलाय त्या फळ्यांना,” ते म्हणाले. “अजून एकदा मारला की खिळ्यांची डोकी वर येतील. लेकरं अनवाणी खेळतेत तिथं. झिजलंय ते वरचं पॉलिश, लाकूड न्हाई.”

दुसरं कारण त्यांनी तिथे सांगितलं नाही, ते आपल्या सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. रंधा म्हणजे हॉल पावसाळ्यापर्यंत बंद. आणि यंदा बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये करायला परवानगी मिळालेली. तेरा तारखेच्या आत, ड्यूटी करून, घरच्या माणसांच्या मदतीनं मी करून देतो, असं ते बोलून बसले. घरची माणसं म्हणजे तू आणि मी. माझ्या दोन जुन्या लुगड्यांच्या चिंध्या त्यातच गेल्या.

तू गेलास तेव्हा काम बरंच ओढत आणलं होतं. सोड्याच्या पाण्यानं पुसून झालं होतं. पोरांनी घसरगुंडीसाठी मेणबत्त्या घासल्या होत्या, ते मेण टर्पेंटाइननं निघालं होतं. ते राहिलं असतं तर वरचं पॉलिश पापडासारखं सुटलं असतं, असं दाजी म्हणत. मग झिरो नंबरचा काचकागद, तोही हात हलका ठेवून. “जुन्या पॉलिशला मारायचं न्हाई, नुसता त्याचा तोरा उतरवायचा. मंग ते नव्याला धरून घेतंय.” हे वाक्य तू वहीत लिहून घेतलंस म्हणून ते किती खूश होते! पाण्याचा थेंब टाकून बघायचा खेळ तुला फार आवडला होता. थेंब वर बसून राहिला तर पॉलिश जिवंत, फळी काळी पडली तर ती उघडी. उघड्या फळ्यांना जवसाचं उकळलेलं तेल पाजायचं, वर राहील तेवढं पुसून घ्यायचं, आणि ते वाळलं की चपड्याच्या लाखेचं पॉलिश. मधला शेवटचा पट्टा तू शुक्रवारी सकाळी एकट्यानं तेल पाजून पुसलास. दाजी ड्यूटीवर होते. पट्टा छान उतरलाय.

आता दुसरं सांगते. घाबरू नकोस, आणि मायला वाचून दाखवताना हा भाग गाळ.

शुक्रवारी दिवेलागणीला स्टेजमागच्या पत्र्याच्या खोलीतून धूर निघाला. पडदे, जाळ्या, हार्मोनियम, सगळं जळालं. वॉचमन येडबानं दार ओढलं, त्याचा उजवा हात भाजला. लोकांनी विहिरीपासून रांग लावून पाणी टाकलं म्हणून हॉल वाचला. स्टेजकडचा एक कोपरा काळा पडला आहे.

तुझे दाजी अजून घरी आलेले नाहीत. चौकीत आहेत. चौकशीला म्हणून नेलं, आणि ठेवून घेतलं. दोन वर्षांपूर्वी रेल्वेच्या संपात ते पुढे होते, कामावरून काढले गेले होते, मग परत घेतले गेले, हे सगळ्यांना माहीत आहे. खोलीची किल्ली त्यांच्या नावावर. आणि सध्याचे दिवस कसे आहेत ते तुला सांगायला नको. आग म्हटलं की लोक घातपात हाच शब्द उच्चारतात, तोही दबक्या आवाजात.

आग एका पोत्यातून सुरू झाली म्हणतात. पोत्यात तेलाच्या चिंध्या होत्या. आता दाजींची रीत तू बघितली आहेस. दिवस संपला की एकेक चिंधी कंपाउंडच्या तारेवर पसरायची, दोन चिंध्या एकीवर एक पडू द्यायच्या नाहीत. ते असं का करतात ते मी लग्न झाल्यावर एकदाच विचारलं होतं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या दाबून ठेवल्या की ओल्या कडब्याच्या गंजीसारख्या आतून तापतात, असं त्यांच्या उस्तादानं सांगितलेलं. चौकीतल्या साहेबांना हे सांगितलं तर ते हसले. “बाई, चिंध्या आपोआप पेटतात होय?”

तर मग तारेवरच्या चिंध्या पोत्यात कुणी घातल्या? तू दुपारपर्यंत तिथे होतास. कुणी आलं-गेलं दिसलं असेल तर तेवढं कळव. जास्त काही नको. उलट टपाली कळव.

मायला नमस्कार.

तुझी,
आक्का


पूर्णा
शुक्रवार, ७ मे १९७६

चंद्रभान,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. माय बरी आहे, ऊन फार आहे, सध्या येता येत नाही.

मी तुला ये म्हटलंच नव्हतं.

पुन्हा पुन्हा वाचलं कार्ड. चिंध्यांबद्दल एक अक्षर नाही. दाजींबद्दल नाही. हार्मोनियम जळाली याची तुला हळहळ वाटायला हवी होती, रोज दुपारी वाजवत होतास, तिच्याबद्दलही नाही. जो माणूस एरवी बसमधल्या कंडक्टरचं नाव-गावसुद्धा लिहून कळवतो, तो तीन ओळींत आटपतो तेव्हा मला दुसरं काही विचारावं लागत नाही.

तरी मी आधी दुसरंच करून बघितलं, ते सांगते. मंगळवारी अंगणात उरलेल्या तेलात चिंध्या भिजवल्या, ढीग केला आणि उन्हात ठेवून बसले. वाटलं, पेटल्या की साहेबांनाच बोलावते. शेजारच्या बाया दारात उभ्या. संध्याकाळपर्यंत ढीग जसाच्या तसा, नुसता वाळून कडक झाला. एकजण म्हणाली, “कुसुमबाईला उनाचा तरास व्हायलाय.” मी आत येऊन रडले. तुला सांगायला लाज नाही. हे जगाला दाखवायला निघाले होते आणि माझाच विश्वास ढिला पडला. वाटलं, दाजींच्या हातून खरंच विडी-बिडी पडली असेल का? असं वाटलं याचा मला अजून राग येतो.

मग बुधवारी येडबाकडे गेले. हात फडक्यात बांधून खाटेवर बसला होता. मी विचारलं, “येडबा, दुपारी चिंध्या तारेवर होत्या का?”

“मला काय म्हाईत बाई. मी काय तार बघत बसतो का?”

“तुमी तर दिवसभर तिथंच असता.”

“न्हाई म्हनलं ना बाई. हात लय दुखायलाय. जावा तुमी.”

बाहेर पडले तर त्याची बायको केवळाबाई मागून आली. भिंतीच्या आडोशाला मला धरलं आणि म्हणाली, “बाई, तुमच्या पाया पडते, मालकाचं नाव घेऊ नका. शेळ्या आमच्याच होत्या. कंपाउंडात शेळ्या आणायची बंदी हाय. साहेबाला कळलं तर नोकरी जाईल. जवसाचा वास लागला की त्या ऐकत न्हाईत, पेंडीची सवय हाय त्यायला. तारंवरच्या चिंध्या वढून वढून खायल्या. तवा तुमच्या भावानं समद्या गोळा केल्या. दाबून दाबून पोत्यात भरल्या, तोंड बांधलं अन् आत ठेवून आला. चांगलंच केलं की त्यानं. शेळी मेली असती माझी.”

चांगलंच केलंस. माझी लुगडी शेळ्यांच्या पोटात जाऊ नयेत म्हणून केलंस. तुला रीत माहीत होती, कारण माहीत नव्हतं. यात तुझा काही गुन्हा नाही, हे मी आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुला पत्र फाडावंसं वाटणार नाही.

डबा घेऊन चौकीत गेले तेव्हा दाजींना हे सांगितलं. त्यांना आधीच कळलेलं होतं. पोत्याचं नाव निघालं तेव्हाच ओळखलं म्हणाले. आणि काय म्हणाले ऐक. “त्याचं नाव काढू नको. मी त्याला कधी सांगितलंच न्हाई का पसरायच्या ते. त्याची ऑर्डर निघायची हाय. ह्यात नाव आलं तर कुठलं मास्तर अन् काय. मी एकटाच काम करायलो होतो असं सांगितलंय मी. तू बी तेच सांग.”

मी तेच सांगितलं. साहेबांनी विचारलं, “बाई, कामाला आणखी कोण होतं?” मी म्हटलं, “कुणी नाही.” शाळेत असताना खोटं बोलले की माझे कान लाल व्हायचे. या वेळी काहीच झालं नाही.

काल गंगाखेडच्या बाजाराहून दत्तराव आले, तुमच्या गल्लीतले. मायचा निरोप घेऊन. म्हणजे तिला पत्र वाचून दाखवलंस, गाळायचं ते न गाळता. निरोप असा: ‘कुसे, तुझ्या हाता-पाया पडते, पोराचं नाव निघू देऊ नको. घरात पहिला शिकलेला हाय. जावई मोठ्या मनाचे हायेत, निभावून नेतील.’

निभावून नेतील. चंद्रभान, ते रोज वाळत चालले आहेत. मारहाण नाही, शिवी नाही, साहेब माणूस बरा आहे, खोटं कशाला बोलू. पण रोज तेच प्रश्न, आणि रात्री उजेडात बसवून ठेवतात. परवा डबा तसाच परत दिला. मी विचारलं, हॉलच्या कोपऱ्याचं काय करायचं? तर डोळ्यांत पाणी आलं. दहा वर्षांत हे मी पहिल्यांदा बघितलं.

आता नीट वाच. बुधवारी, बारा तारखेला, साहेब कागद पूर्ण करणार आहेत. त्यानंतर दाजींना परभणीला नेतील. तिथून पुढे कुठे, किती दिवस, हे विचारायची सोय नाही. नोकरी तर गेलीच समज. संपाच्या वेळी गेलेली परत मिळाली, आगीच्या नावानं गेलेली कुणी परत देत नाही.

तू ये. साहेबांना एवढंच सांग की चिंध्या मी गोळा केल्या, मी भरल्या, असं असं भरल्या. कसं भरलं ते तुलाच ठाऊक आहे. मला ते जमलं नाही, ते वर लिहिलंच आहे.

तुझ्या ऑर्डरचं काय होईल ते मला माहीत नाही. काही होणार नाही असं लिहून तुला फसवणार नाही.

हे पत्र टपालात टाकत नाही. दत्तराव उद्या परत जात आहेत, त्यांच्या हाती देते. म्हणजे मिळालं नाही असं म्हणायला जागा नको.

आक्का


पूर्णा
शुक्रवार, १४ मे १९७६

चि. चंद्रभान यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझे दाजी घरी आहेत. आत्ता जेवून झोपले आहेत. आधी हे लिहिते, कारण तू बुधवारी गेलास तेव्हा त्यांना सोडायचे कागद व्हायचे होते. त्याच रात्री सोडलं.

तू सगळं डोळ्यांनी बघितलं आहेस, तरी मला बाजूला उभं राहून जे दिसलं ते लिहू दे. घरात ते कुणापाशी बोलता येत नाही.

सकाळी मी इन्स्टिट्यूटच्या आवारात, पंचनाम्याला आलेल्या साहेबांच्या समोर उभी होते आणि तू फाटकातून आत आलास. रात्रभर प्रवास करून आलेला, डोळे लाल, खांद्याला पिशवी. माझ्याकडे बघितलं नाहीस. सरळ साहेबांपुढे जाऊन म्हणालास, “साहेब, मी चंद्रभान. पंडितरावांचा मेहुणा. त्या दिवशी पोतं मी भरलं.”

साहेब म्हणाले, “भरलं तर भरलं. पेटवलं कुणी?” तू म्हणालास, “तेच दाखवतो.”

मग तू तेलाचा डबा मागितलास. माझ्याकडे नुसता हात केलास आणि मी घरून चिंध्या आणल्या. तू त्या भिजवल्यास, पिळल्यास, आणि एकेक पोत्यात घालून वरून मुठीनं ठोसत गेलास. पायानंही दाबलंस. तोंड सुतळीनं आवळून बांधलंस. तेव्हा मला कळलं, मी काय चुकले होते. मी ढीग केला होता, वारा लागत होता. तू त्यांचा श्वास कोंडलास. जळक्या खोलीचे दोन पत्रे उभे करून त्यात पोतं ठेवलंस आणि वर तिसरा झाकलास. शिपायाला म्हणालास, कुणी जवळ जायचं नाही, मीसुद्धा नाही.

मग बसलो. ते बसणं मी जन्मात विसरणार नाही. ऊन वर चढलं. साहेब कडुनिंबाखाली खुर्चीवर. वॉचमन येडबा भिंतीला टेकून, हात गळ्यात बांधलेला. दाजींना चौकीतून आणून पायरीवर बसवलं होतं. ते पोत्याकडे बघत नव्हते, तुझ्याकडे बघत होते. दुपार झाली, काही नाही. शिपाई जांभया द्यायला लागले. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग पुन्हा बघितलं. कुणीतरी हसलं. तू ढिम्म. मी मनात म्हणत होते, पेट रे बाबा, एकदाचं पेट. आयुष्यात कधी आग लागावी म्हणून मी असं काही मागितलं नव्हतं. साहेब उठले, खुर्ची सरकवली, म्हणाले, “पुरे आता.” तू म्हणालास, “साहेब, शुक्रवारी बी दिवेलागणीलाच लागली होती. थोडं थांबा, हात जोडतो.” ते उभेच राहिले.

वास मला आधी आला. तव्यावर जवसाची चटणी भाजताना हात थांबला की करपते ना, तसा. मला वाटलं, मलाच भास होतोय. मग येडबानं नाक वर केलं. मग शिपायानं. साहेब पुढे झाले, पत्र्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. तू झाकण काठीनं सरकवलंस, आणि पोत्याच्या पोटातून, जिथे कुणाचा हात पोचणार नाही तिथून, धूर वर आला. वारा लागला तसा जाळ झाला. सगळे मागे सरले. दाजी पायरीवरून उठले नाहीत. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले.

साहेबांनी शिपायाकडून पोतं विझवून घेतलं. मग विचारलं, “तारेवरच्या काढल्या कशाला?”

येडबाची मान खाली गेली. मी बघत होते. तू एक क्षण त्याच्या बांधलेल्या हाताकडे बघितलंस आणि म्हणालास, “वारं लय सुटलं होतं, साहेब. उडून चालल्या होत्या.”

साहेबांनी तसं लिहून घेतलं. तुझी सही घेतली. तुझ्या ऑर्डरला यानं काही बाध यायचं कारण नाही असं म्हणाले, पण तोंडी म्हणाले. बाकी ऑर्डर आल्यावरच खरं. त्यानंतर तू दाजींच्या पाया पडलास, मला ‘येतो आक्का’ म्हणालास आणि निघालास. घरी पाणीसुद्धा प्यायला आला नाहीस. गाडीची वेळ झाली होती, खरंच झाली होती.

दाजी घरी आले, अंघोळ केली, दोन घास खाल्ले आणि हॉलकडे गेले. मी दिवा घेऊन मागे. काळ्या कोपऱ्यात गुडघ्यावर बसून त्यांनी बोटानं पाण्याचा थेंब टाकला. बाकीच्या फळ्यांवर बसला, तिथे शोषला गेला. म्हणाले, “लाकूड आतून साबूत हाय. जळकं वरचंवरच खरवडतो. रंधा न्हाई लागत.” काल सकाळी चपड्याचा शेवटचा हात दिला, कोपऱ्यावर सतरंजी टाकली, आणि पौर्णिमेचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, तुझं नाव लोकांच्या तोंडी होतं. ‘कुसुमबाईच्या भावानं आपणहून येऊन सांगितलं.’ प्रत्येकजण मला तेच सांगत होता, आणि मी मान हलवत होते.

चंद्रभान, आता जे लिहायला बसले आहे ते लिहिते.

मंगळवारी संध्याकाळी मी चौकीत गेले होते. तू यायच्या आदल्या दिवशी. दत्तरावांच्या हाती पत्र जाऊन तीन दिवस झाले होते. सकाळची गाडी बघितली, दुपारची बघितली. तू उतरला नाहीस. मी साहेबांना म्हटलं, मी खोटं बोलले. कामाला माझा भाऊ होता. नाव चंद्रभान, राहणार राणीसावरगाव, मास्तरकीची ऑर्डर यायची आहे. पोतं त्यानं भरलं. शेळ्या चिंध्या खात होत्या म्हणून भरलं. शेळ्या कुणाच्या तेही सांगितलं. केवळाबाई माझ्या पाया पडली होती, तरी सांगितलं. साहेब म्हणाले, उद्या माणूस पाठवून आणवतो त्याला. मी म्हटलं, आणवा.

माणूस निघायच्या आत तू फाटकात उभा होतास.

तू ‘वारं’ म्हणालास तेव्हा साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना शेळ्यांचं ठाऊक होतं, माझ्याचकडून. मी नजर खाली वळवली. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी ‘वारा’ लिहिलं. येडबाची नोकरी तुझ्या त्या एका शब्दावर राहिली. आणि मला तेव्हापासून एकच घोर लागला आहे. साहेब माझ्याकडे का बघतात, हे तुझ्या लक्षात आलं का? म्हणून पाणी न पिता गेलास का? की खरंच गाडीची वेळ झाली होती?

तुझ्या दाजींना हे मी अजून सांगितलेलं नाही. ते झोपेतून उठले की सांगेन. त्यांना दिलेला शब्द मी मोडला आहे, तेव्हा त्यांना काय वाटायचं ते वाटेल. पण आधी तुला.

माफी मागत नाही. मागितली तर ती खोटी होईल. तो माणूस त्या पायरीवर कसा बसला होता ते तू बघितलंस. पुन्हा ती संध्याकाळ आली तर मी पुन्हा चौकीत जाईन आणि पुन्हा तुझं नाव घेईन. मायला हे सांगायचं असेल तर सांग. ती मला काय म्हणेल ते मला पाठ आहे.

पण एक गोष्ट मनात अडकून बसली आहे, ती तुझ्यापाशी नाही बोलायची तर कुणापाशी? तुला मी कडेवर वाढवलं. तू कशाला घाबरतोस, कशाला लाजतोस, खोटं बोलताना कुठे बघतोस, सगळं मला ठाऊक. आणि तू रात्रभर गाड्या बदलत माझ्याकडे येत होतास त्याच रात्री मी, तू येणार नाहीस असं पक्कं धरून, स्वस्थ झोपले होते. चांगली झोप लागली होती, चंद्रभान. कितीतरी दिवसांनी.

ऑर्डर आली तर ताडकळसलाच जा, माझ्याकडे राहा. न आली तरी ये. सकाळी सातला डबा मिळेल, लग्नाची अट नाही. आणि यायचं नसेल तर तसं साफ लिही. तीन ओळींचं कार्ड मात्र टाकू नकोस.

तुझी, आणखी एक रात्रसुद्धा वाट न बघितलेली,
आक्का